कोरड्या बोरूची कुरकुर

कामचुकार कारकून कसा ओळखावा, हे मी दप्तरदारांना नीट समजावून दिलं आणि त्या खुणेनं सापडला तो मीच.

तेव्हा मी शनिवार पेठेत एका सरदारांच्या पागेच्या दप्तरात उमेदवार होतो. उमेदवार म्हणजे काम कारकुनाचं आणि मान बोरू पुसायच्या फडक्याचा. नेमणूक होईल तेव्हा होईल. ती होईपर्यंत बायको मात्र सासवडला, माहेरीच. "आधी नेमणूक, मग पाठवणी," एवढंच सासऱ्यांचं म्हणणं, आणि सासरे आपलं म्हणणं बदलणाऱ्यांतले नव्हते.

काम काय, तर गवताची रोजची याद. पागेतले घोडे सरदारांबरोबर उत्तरेकडे हिंदुस्थानात मोहिमेवर गेलेले. मागे उरला होता तो त्यांचा वास. तरी याद लिहायचीच, कारण ती पहिल्यापासून लिहीत आले होते. 'आज पागेत घोडे नाहीत, सबब गवत लागले नाही.' हिच्या चार नकला. एक वाड्यात, एक कोठीत, एक आमच्याकडे. चौथी कशाला, असं माझ्या आधीच्या उमेदवारानं विचारलं होतं. त्याला घरी धाडलं, म्हणून मी विचारलं नाही.

सकाळचं गंध वाळायच्या आत नकला संपत. पुढचा दिवस आ वासून बसलेला. पण आम्हाला गप्प बसायची सोय नव्हती. दप्तरदार बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसत. तिथून आम्ही त्यांना दिसत होतो अंधुक, पण ऐकू येत होतो स्वच्छ. मोडी लिहिताना हात उचलायचा नसतो. तेव्हा बोरू कुरकुरतोय तोवर कारकून लिहितोय, हे त्यांचं शास्त्र. कुरकुर थांबून जरा वेळ झाला की पडद्याआडून आवाज यायचा, "काय हो, डोळा लागला वाटतं? उशी धाडू?"

शेजारचे म्हातारे कारकून उरलेला दिवसभर रामनाम लिहीत. "शाई सरदारांची, पुण्य आमचं," म्हणायचे. मला पुण्याची घाई नव्हती. मी शाईसुद्धा वाचवली. कोरा कागद पुढ्यात घ्यायचा, त्यावर दुसराच, कोरडा बोरू नुसता घोळवत राहायचं आणि मनानं दिवेघाट चढून सासवडला जाऊन यायचं.

म्हाताऱ्यांनी एकदा हळूच सांगितलं, "अहो, जरा दम खात जा. रामसुद्धा इतकं राबवत नाही कुणाला."

मला वाटलं, जळतात.

पडद्याआड मात्र माझं नाव झालं. "पुण्यात बोरू उदंड, पण न थांबणारा हा एकच," असं दप्तरदार म्हणू लागले. एक दिवस नेमणुकीचं पक्कं ठरलं. मी सासऱ्यांना निरोप धाडला आणि ते सांजोऱ्यांची दुरडी घेऊन हजर झाले. दप्तरदारांनी त्यांना पडद्याआड बसवून घेतलं, मलाही आपल्या शेजारी जागा दिली.

"उद्यापासून तुम्हीही इथंच बसायचं," ते मला म्हणाले. "लोक लबाड असतात. कोण लिहितो आणि कोण नुसता आवाज काढतो, ओळखाल का?"

सासऱ्यांच्या देखत विचारलेला प्रश्न. जीभ आवरते कसली!

"त्यात काय अवघड?" मी म्हणालो. "लिहिणाऱ्याला शाई लागते. दौतीत बोरू बुडवायला थांबावंच लागतं, म्हणून त्याची कुरकुर मधूनमधून तुटते. जी तुटतच नाही, ती कोरडी समजावी."

"वा!" म्हणत दप्तरदारांनी मान डोलावली. मग ती डोलता डोलता थांबली. त्यांनी पडद्याला कान लावला. बराच वेळ.

"इथं तर सगळ्यांचीच तुटते आहे," ते म्हणाले. "न तुटणारी एकच होती. ती आज ऐकू येत नाही, कारण ती माझ्या शेजारी बसली आहे."

त्यांनी माझा बोरू मागवला. टोक असं स्वच्छ, की जणू आत्ताच छाटलेलं.

"पण नकला मी रोजच्या रोज दिल्यात," मी म्हटलं.

"नकलांचं कोण विचारतंय?" दप्तरदारांनी बोरू माझ्यापुढे टाकला. "इतके दिवस मी जे मन लावून ऐकलं, त्याचं काय?"

नेमणूक राहिली. वर ताकीद मिळाली, की उमेदवारानं यापुढे मधूनमधून थांबत जावं.

सासऱ्यांनी दुरडी उचलली. मी दिंडीदरवाज्यापर्यंत मागे धावलो. "मामा, ऐका तरी! मी काही झोपा काढत नव्हतो. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकसारखी कुरकुर केली आहे मी!"

त्यांनी दुरडीवरचं फडकं नीट खोचलं.

"कुरकुर आमच्या माळ्यावरचे उंदीरही करतात, जावईबापू. त्यांना कुणी मुली देत नाही."