बुद्धाच्या पोटातलं गाणं

एकोणीसशे तीस सालानंतर दोन-तीन वर्षांनी ख्रिस्ती मंडळ्यांच्या एका मोठ्या मेळाव्याला आम्ही जपानला गेलो. मुंबई-पुण्याची मंडळी बरीच, अलिबागचे आम्ही तिघंच. पाळकसाहेबांना बोलावणं होतं. पाळकीणबाईंनी "मी न्हाय तर तुमीपन न्हाय" असं बजावलं होतं. आणि मी शाळामास्तरीण, बाईंना सोबत म्हणून.

पाळकीणबाई मूळच्या रेवस बंदरातल्या. आगबोटीवर बोट लागून आम्ही सगळे आडवे झालो, तेव्हा त्या ताठ बसून आमच्या तोंडात लिंबाचं लोणचं कोंबत होत्या. समुद्राची भीती त्यांना ठाऊकच नव्हती, पण अंधाराला मात्र फार भ्यायच्या.

मेळाव्यात एक दिवस मोकळा मिळाला. तिथल्या चर्चच्या एक म्हाताऱ्या जपानी बाई इंग्रजी जाणत. त्या आम्हांला कामाकुराला घेऊन गेल्या. तिथे उघड्यावर बसलेली बुद्धाची प्रचंड धातूची मूर्ती आहे. मूर्ती पोकळ आहे, आत जिनाही आहे, हे कळल्यावर पाळकीणबाईंनी पदर खोचला.

पाळकसाहेब म्हणाले, "बाहेरून बघू. आत शिरायचं नाही. मंडळीत कळलं तर काय म्हणतील?"

"अवो, बायबलातला योना माशाच्या पोटात गेला व्हता. त्याला कोन काय बोललं?"

"योना खुशीनं गेला नव्हता!"

"मग मी खुशीनं जाते," म्हणत त्या निघाल्याच. मी मागोमाग.

चढताना ठीक होतं. वर बुद्धाच्या पाठीला खिडक्या आहेत, तिथे उजेड होता. उतरताना मात्र मी पुढे झाले, आणि मागून आवाज आला, "पोरी, पायरी दिसत न्हाय गो!" वळून पाहते तर बाई पायरीवर बसलेल्या, दोन्ही हात भिंतीला. मी हात दिला, समजूत घातली. पाऊल हलेना. शेवटी डोळे मिटून त्यांनी गायला सुरुवात केली.

आवाज मुळातच खडा, त्यात चहूबाजूंनी धातू. माझ्या दातांपर्यंत गाणं घुमलं.

बाहेर काय झालं ते जपानी बाईंनी नंतर सांगितलं. शाळेच्या मुली फोटोसाठी मूर्तीपुढे रांगेत उभ्या होत्या. बुद्ध गाऊ लागल्यावर सगळ्यांनी माना वर केल्या, पुढच्या रांगेने तर कमरेत वाकून नमस्कार केला. पाळकसाहेबही थक्क होऊन ऐकत होते. मग त्यांना शब्द कळले. उपासनेचं ते गाणं खुद्द त्यांनीच रचलेलं होतं! टोपी जपानी बाईंच्या हातात देऊन ते आत धावले.

"अगं, कुठे आहेस?"

"हितं, पोटात!"

ते चाचपडत वर आले. "आधी गाणं थांबव."

"थांबवलं की भ्या वाटतं. तुमीबी म्हना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. मग त्यांनी बायकोचा हात धरला आणि सूर लावला. एकेक ओळ, एकेक पायरी, असे दोघं खाली उतरले. दारात एक वृद्ध भिक्षू उभे होते. आता बोलणी खावी लागणार, म्हणून मी अंग चोरलं. ते वाकले आणि काहीतरी म्हणाले. जपानी बाई हसत मला म्हणाल्या, "बुद्ध गातो हे त्यांना इतकी वर्षं माहीत नव्हतं म्हणे." मुलींनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचे कान लाल झाले होते, पण बायकोचा हात त्यांनी सोडला नव्हता.

अलिबागला परतल्यावर उपासनेनंतर साहेबांनी प्रवासाची हकिगत सांगितली. कामाकुराशी आल्यावर घसा खाकरून म्हणाले, "तिथली मोठी मूर्ती आम्ही बाहेरून पाहिली."

बायकांच्या बाजूने खणखणीत आवाज आला, "बाहेरून? मग माझ्याबरोबर गात कोन व्हतं?"

सगळी मंडळी खुदखुदली. साहेब स्वतःच हसत सुटले आणि त्यांनी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. खरं तर त्यांनी ती माझ्यापेक्षा फार रंगवून सांगितली.