सुझदलचा मनोरा

नव्वदच्या दशकात मी दुबईत, देरामधल्या एका फरकोटांच्या दुकानात सेल्समन होतो. बाहेर अंग भाजून निघायचं आणि आत आम्ही एसी फुल करून रशियन बायकांच्या अंगावर कोट चढवायचो. कामापुरती मोडकीतोडकी रशियन सगळ्यांनाच यायला लागली होती.

एक पोक्त बाई दर हंगामाला माल घ्यायला यायची. ती सुझदलची, म्हणजे रशियातल्या एका फार जुन्या शहरातली. एकदा तिने मला तिथली पोस्टकार्डं आणून दिली. निळ्या घुमटांवर सोनेरी चांदण्या, लाकडी चर्च, नदीकाठचा मातीचा तट आणि सगळ्यांत उंच घंटेचा मनोरा. मी ती काउंटरमागे चिकटवली.

"मनोऱ्यावरून काय दिसतं?" मी तिला विचारलं.

"कोण जाणे," ती म्हणाली. "मी कधी चढलेच नाही. टुरिस्ट चढतात."

मला रागच आला. एवढं दारात आहे आणि हिला बघायला वेळ नाही. मग आठवलं, कोकणात आमच्या घरासमोर समुद्रात किल्ला आहे आणि तिकडे जाणाऱ्या होडीत मीही कधी बसलो नव्हतो. ते पाहुण्यांचं काम.

पुढच्या सुट्टीत मुद्दाम गेलो. होडीवाल्याने विचारलं, "कुठून आलात?"

तोंडातून सरळ निघालं, "दुबईहून."

"मग नीट धरून बसा, साहेब," तो म्हणाला. "नव्या माणसाला बोट लागते."