दुधात खोट न्हवती

त्या दिवशी भुजंगनं बहिणीला, कासाबाईला, निळं पाणी दोनदा तापवायला लावलं, अन् त्यातच त्याची पिंगळीहून जायची गाडी चुकली.

कासाबाईला आठवा महिना चालू व्हता. आधीची दोन लेकरं धा-बारा दिवसांत पिवळी पडून गेली व्हती. "हिच्या दुधातच खोट हाय," बाया म्हणायच्या. कासाबाईनं हापशावर जायचंच सोडलं. भुजंग तवा बारावीला व्हता. तेच त्यानं डोस्क्यात धरलं. बीएस्सी केली, एमेस्सी केली, मंग औरंगाबादला पेशींवर संशोधन. नामांतराच्या बंदात एसट्या थांबल्या तरी गडी प्रयोगशाळेतून हालला न्हाई. सुट्टीत आला की कासाबाईचं अन् दिनकररावचं रगत काढून न्यायचा. दिनकरराव म्हंजी त्यांचा सख्खा मामा, अन् कासाबाईचा नवरा बी त्योच.

"भाचा व्हतास, मेव्हणा झालास, आता गोचीड व्हायलास का रं?" दिनकरराव म्हणायचा, अन् दंड पुढं करायचा.

त्या दिवशी भुजंग म्हणला, "आक्का, दुधातली साखर जाळायची चूल त्या लेकरांच्या पेशीत पेटतच न्हवती. अर्धी खोट तुझ्याकून, अर्धी मामाकून. एका रगताचे तुमी, म्हणून दोन्ही अर्ध्या एकत्र आल्या. तुझं दूध चांगलंच हाय."

"मंग ह्या तिसऱ्याचं कसं रं?"

"नशिबावर न्हाई सोडायचं."

त्यानं काचेच्या नळीत निळं पाणी वतलं, रॉकेलच्या चिमणीवर धरलं. दुधाचा थेंब पडला तसं ते विटेवानी लाल झालं.

"साखर लागली की हे असं लाल व्हतं, अन् न जळलेली साखर लेकराच्या लघवीत उतरती. दोन दिवस पाजून लघवीचे आठ थेंब टाकून तापव. निळंच राहिलं तर पाजत राहा. लाल झालं तर दूध बंद, हे सोयाबीनचं पीठ शिजवून, गाळून द्यायचं. आता तू करून दाखव."

"केलं की बाबा."

"पुन्हा कर."

गाडी गेली म्हणून तो जीपनं परभणीला निघाला. जीप नाल्यात उलटली, अन् तो जागीच गेला. सव्वीस वर्षांचा व्हता.

महिन्यानं पोरगी झाली. तिसऱ्या दिवशी कासाबाईनं नळी चिमणीवर धरली. पाणी हिरवं झालं, पिवळं झालं, मंग लाल.

"अंगावरचं तोडू नको बाई, पाप लागंल," सासू म्हणली.

कासाबाईनं चोळीची गाठ आवळली, चूल पेटवली, पीठ रटरटायला ठेवलं. गाळून, निववून चमच्यानं दिलं. पोरीनं पहिला घोट थुंकला.

"पुन्हा," कासाबाई म्हणली.

दुसरा तिनं गिळला.