लेकीचा फुटबॉल आणि माझी डॉक्टरी

आमच्या इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या घरात जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, कुणी जात नाही. मी भूलतज्ज्ञ, नवरा हाडांचा डॉक्टर. लेकीचा ताप, खोकला, मुरगळलेला पाय, सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच निकालात निघायचं. इथल्या आमच्या ओळखीच्या मराठी डॉक्टरांकडे असंच चालतं. अंगावर पुरळ उठलं की व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा, पाच मिनिटांत औषधाचं नाव हजर. मला याचा अभिमान होता, कशाला लपवू?

लेक सतरा वर्षांची, कॉलेजच्या मुलींच्या टीमची गोलकीपर. सप्टेंबरपासून त्यांनी हरण्याचा सपाटाच लावला होता आणि मी मनातून खूश होते. मेडिकलला जायचंय, चिखलात लोळून कसं चालेल? पण ख्रिसमसनंतर पोरी जिंकायला लागल्या. कपच्या सेमीफायनलला पोचल्या तेव्हा घरात दुसरा विषय उरला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याची नशा चढली होती.

सेमीफायनलला दहा दिवस असताना एका मॅचमध्ये समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. कोचबाईंनी तिला लगेच बाहेर काढलं आणि माझ्या हातात फॉर्म दिला. रोज लक्षणं लिहायची, आणि जीपीनं तपासून सही केल्याशिवाय खेळवायचं नाही. आम्ही उभ्या होतो त्या कॉरिडॉरमध्ये कॉलेजच्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या टीमचा फोटो आहे. ओठांवर मिशा, छातीशी हातांची घडी. बाई म्हणाल्या, त्या काळी बेशुद्ध पडलेल्याच्या तोंडावर पाणी मारायचे आणि पुन्हा मैदानात पाठवायचे. काय अडाणी लोक, म्हणून मी हसले.

घरी टेबलाशी बसवून मी तिच्या डोळ्यांत टॉर्च मारला, डिसेंबर ते जानेवारी असे महिने उलटे म्हणून घेतले. सगळं ठीक होतं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आई, अजून थोडा डोकं दुखतं. लाइट्स पण त्रास देतात."

"दिवसभर फोनमध्ये डोकं घातल्यावर दुखणारच. पाणी पी आणि लवकर झोप."

"मग मी सेमीफायनल खेळू शकते ना? शुअर?"

"मी बघितलंय ना तुला?"

"ओके. तू बघितलंस तर ठीक आहे."

रोजच्या रकान्यात मी 'लक्षणं नाहीत' असं लिहीत गेले. जीपीच्या सहीच्या जागी माझी सही ठोकली, खाली डिग्र्या. कोचबाईंनी त्या डिग्र्या वाचल्या आणि एक शब्दही विचारला नाही.

सेमीफायनलमध्ये विसाव्या मिनिटाला कॉर्नरचा बॉल पकडताना ती आपल्याच डिफेंडरला धडकली. धक्का साधाच होता, पण ती उठली नाही.

मेंदूत रक्तस्राव नव्हता. तेवढ्यावर देवाचे आभार मानायचे. पण पहिली दुखापत भरायच्या आत मेंदूला दुसरा धक्का बसला होता. त्याला आता सात महिने झाले. ती एक पान वाचते आणि सुरुवात विसरते. ए लेव्हल्स, म्हणजे इथली बारावी, द्यायचे राहिले, मेडिकलचं कुणी बोलत नाही, दिवसाही तिच्या खोलीचे पडदे ओढलेले असतात. नवरा म्हणतो, मीही सही केली असती. त्याच्या या समजूतदारपणाची मला चीड येते. त्यापेक्षा त्यानं एकदा माझ्यावर ओरडावं.

गेल्या आठवड्यात तिला डोक्याला मार लागलेल्यांच्या क्लिनिकला घेऊन गेले. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, आता कसं वाटतंय, आणि सवयीनं मीच सांगायला लागले. महिन्याभरात बरीच सुधारणा आहे, झोप चांगली लागते.

लेकीनं माझ्या हातावर हात ठेवला. "आई, तू बाहेर थांब ना. मला त्यांना खरं सांगायचं आहे."

मी बाहेर जाऊन खुर्चीवर बसले. घरी रोज सकाळी मी तिला विचारते, आणि ती रोज म्हणते, बरं आहे.