गेटाचं माप

“समुद्र शांत आहे, बाई!” साहेब वरून ओरडले.

ते कौलांवर पालथे पडले होते. त्यांच्याच पायाचा धक्का लागून शिडी खाली अंगणात पडली होती. आढ्यावर माकड बसलं होतं आणि त्याच्या हातात कोचीचं पत्र होतं. पाऊस लागलेला, कौलांवर शेवाळ, आणि साहेबांचं वय ऐंशीच्या पुढे.

लोणावळ्यात समुद्र नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण दूध उतू गेलं, भिंत ओलीने फुगली, बायको गेली, तरी साहेब हेच म्हणायचे. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. पहिल्या दिवशी वाटलं, माणूस खुळा आहे. पुढे कळलं, अर्धाच.

इथलं नौदलाच्या अधिकाऱ्यांचं कॉलेज नवं होतं, तेव्हा साहेब तिथे कोवळे अधिकारी होते. पोरांना शिकवायला मुंबईहून एक होडी घाट चढवून आणली. ती गेटातून आत जाईना. पावसाळाभर बाहेरच राहिली. तिच्यात पाणी साठलं, बेडूक झाले, गावच्या म्हशी येऊन त्यात तोंड घालायच्या.

माप घ्यायचं काम दोघांवर होतं, साहेब आणि त्यांचा एक दोस्त. दोस्त म्हातारपणी कोचीला राहायचा. कॉलेजच्या सुरुवातीच्या आठवणी कुणीतरी मागवल्या आणि या दोघांची पत्रं सुरू झाली. साहेब लिहायचे, गेटाचं माप तू घेतलंस. कोचीवाला लिहायचा, मी होडीचं घेतलं, गेटाचं तुझ्याकडे होतं. वर्षानुवर्षं हेच.

“फोन हाय की दोगांकडं. त्याच्यावर भांडा,” मी म्हटलं.

“फोनवरचं उद्या नाकारता येतं. मरायच्या आधी मला त्याच्या सहीनं पाहिजे.”

“होडी तर कवाच सडली आसंल.”

“म्हणूनच. आता ठपकाच तेवढा शिल्लक आहे.”

त्या दिवशी पत्र आलं ते चिंब भिजून. पावसाळ्यात आम्ही तान्ह्या पोरांची दुपटी वाळवतो, तसं मी शेगडीवर बांबूचं डालगं उपडं घातलं आणि त्यावर पत्र पसरलं. खिडकी लावायला गेले, तर साहेबांनी अडवलं. सकाळी खिडक्या उघड्या, हा जहाजाचा नियम. त्या नियमातून माकड आत आलं.

मी लोहगडवाडीची. गडाखाली माझी टपरी होती, माकडांत आयुष्य गेलं. खायला टाकलं की ते हातातलं सोडतं. मी शिडी पुन्हा लावली आणि चिक्की घेऊन चढले.

“त्याला काही द्यायचं नाही!” साहेब पालथेच म्हणाले. “नौदल खंडणी देत नाही.”

“मंग त्यालाच वाचू द्या पत्र. तुमी झोपा हितंच.”

साहेबांच्या पोटाखालचं एक कौल सरकलं.

“किती चिक्की आणलीय?” त्यांनी विचारलं.

मी सगळी फेकली. पण माकडाने आधी पत्राचा खालचा भाग फाडून तोंडात घातला, सावकाश चावला, मग वरचा भाग टाकून चिक्की उचलली.

साहेबांना मी कमरेला धरून खाली आणलं. उरलेलं पत्र त्यांनी मला मराठीत करून वाचून दाखवलं. कोचीवाल्याचे गुडघे, तिथला पाऊस, आणि शेवटी ‘आता त्या गेटाच्या मापाबद्दल’. पुढचं माकडाच्या पोटात.

“कबूल केलंय त्यानं,” साहेब म्हणाले. “माकडानं चवीनं खाल्लं, पाहिलंत ना?”

त्यांनी तसं कोचीला कळवलं. उत्तर आलं, ‘माप तूच घेतलंस, असंच लिहिलं होतं. माकडाला विचार.’ साहेब खोकला येईपर्यंत हसले. मग रोज खिडकीत चिक्कीचा तुकडा ठेवू लागले. साक्षीदाराला जपलं पाहिजे म्हणाले. चिक्की बहुतेक मुंग्याच खायच्या.

एका सकाळी कोचीहून फोन आला. पलीकडे दोस्ताची मुलगी होती. साहेबांनी ऐकलं आणि फोन ठेवला. मी समुद्राचं ऐकायला थांबले. ते उठले आणि खिडकी स्वतः लावून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात तेही गेले.

त्या पावसात कौलांवर आम्ही तिघं होतो. साहेब गेले. माकडाचं मला सांगता यायचं नाही, सगळी सारखीच दिसतात. मी आहे.