त्या अर्जावर माझीही सही होती

मंडळी, सकाळपासून डोकं सुन्न झालंय, म्हणून लिहितेय.

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीला सकाळी बस नाही. चिपळूणला जायला दिनेशदादाची वडाप जीप हाच आधार. माझी स्कूटर बिघडली, म्हणून आज मीही जीपमध्ये होते. शेजारी शेवंताकाकी, डायलिसिसला निघालेल्या.

चिपळूणच्या अलीकडे आरटीओची तपासणी लागली. प्रवासी वाहतुकीचा परवाना नाही, म्हणून साहेबांनी सगळ्यांना खाली उतरवलं.

"साहेब, माजी मशीनची येळ चुकली तर परत नंबर नाय लागायचा," काकी हात जोडून म्हणाल्या.

दिनेशदादा म्हणाला, "तीनदा परवाना मागितला. या गाडीला मिळतच नाय म्हणतात."

साहेबांचाही चेहरा पडला. "मी काय करू? तुमच्याच गावाने अर्ज केलाय, बेकायदा वडाप बंद करा म्हणून." त्यांनी मोबाइलवर अर्ज दाखवला.

तिसरी सही माझी होती.

गेल्या वर्षी पलीकडच्या गावात जीप उलटली, तेव्हा मी शिकवते त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये ती केली होती. वडाप बंद झाली तर काकी डायलिसिसला कशाने जाणार, हे मनातही आलं नव्हतं.

शेवटी मागून आलेल्या, चिरे म्हणजे जांभा दगड वाहणाऱ्या ट्रकवाल्याने काकींना केबिनमध्ये घेतलं. दुपारी कसंबसं मशीन मिळालं.

ब्रेक तपासा, विमा बघा, हे मला आजही हवंय. पण परवाना द्यायचाही नाही आणि गाडी चालवूही द्यायची नाही, याने नेमकं कोण सुरक्षित झालं?

तुम्हीही कधी अशी सही केलीय का? खरं सांगा.