मान दाखवायला आलेली माणसं

अंबरनाथच्या एका सोनोग्राफी-सीटी-एमआरआय सेंटरमध्ये मी रिपोर्ट टाइप करते. बारा वर्षं झाली. माणूस येतो एका दुखण्यासाठी आणि मशीनला दिसते भलतीच गोष्ट, थायरॉइडची गाठ! असे किस्से इतके साठलेत की डबा खाताना आम्ही दुसरं काही बोलतच नाही.

*

उल्हासनगरचे एक कापडवाले शेठ. चक्कर येते म्हणून मानेच्या नसांची डॉपलर सोनोग्राफी करायला आले. नसा एकदम क्लीन, पण शेजारी थायरॉइडमध्ये बारीकशी गाठ. आमच्या डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं. शेठ मानेवरची जेल पुसत म्हणाले, "वा मॅडम! मी चक्कर घेऊन आलो, तुम्ही गाठ देऊन पाठवताय!"

सुईने तपासली, साधी निघाली. आणि चक्कर? ती चष्म्याचा नंबर बदलल्यावर गेली!

*

कुळगावच्या शाळेतल्या एक बाई. मान आखडली म्हणून एमआरआय. रिपोर्टमध्ये थायरॉइडच्या गाठीपुढे 'इन्सिडेंटल फाइंडिंग' वाचलं आणि थेट माझ्या टेबलाशी! "हे काय?"

"बाई, म्हणजे न शोधता सापडलेलं."

बाईंनी रिपोर्टची घडी घातली. मग म्हणाल्या, "वर्गात कॉपी अशीच सापडते. लवकर सापडली की पोरगं सुधारतं!"

*

नवं सोनोग्राफी मशीन आलं. कंपनीच्या माणसाला डेमोसाठी मान हवी होती. मॅडम स्वतःच आडव्या झाल्या. स्क्रीनवर गाठ! तो बिचारा घामाघूम. मॅडमनी पडल्या पडल्या त्याच्या हातातून मानेवर फिरवायचा प्रोब घेतला, स्वतःची गाठ स्वतः मोजली आणि मला म्हणाल्या, "टाइप कर गं. साधी दिसतेय. वर्षाने पुन्हा बघायची, आणि पेशंटने तोवर गूगल उघडायचं नाही."

*

बारवीकडच्या पाड्यावरचे बुधाजीबाबा जांभळं काढताना झाडावरून पडले. मानेचा सीटी केला. हाड शाबूत, पण थायरॉइडमध्ये गाठ. सुईच्या तपासणीत ती कॅन्सरची निघाली. त्यांची बायको यमुनाबाई मटकन खाली बसली. मॅडमही खुर्ची सोडून तिच्याशेजारी लादीवर बसल्या. "मावशी, लहान आहे. लवकर सापडलीय. ऑपरेशन करून घेऊ."

ऑपरेशन झालं. बाबा बरे झाले.

यंदा दोघं तपासणीला आले. बाबांच्या गळ्यावर पुसटशी रेघ, यमुनाबाईच्या डोक्यावर जांभळांची पाटी! मॅडमनी दम भरला, "बाबा, पुन्हा झाडावर चढलात?"

बाबांनी गुपचूप बायकोकडे बोट दाखवलं.

"मीच चढले," यमुनाबाई म्हणाली. "म्हटलं, पडले तर माझीबी मान बघून व्हईल!"